पटायाचा टर्मिनल २१ मॉल : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पटायाला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या सहलपत्रिका बहुधा एकाच साच्यातल्या असतात. सकाळी को लान बेट, म्हणजेच आपल्या टूरवाल्यांचे ‘कोरल आयलंड’, दुपारी भारतीय जेवण, संध्याकाळी अल्काझार किंवा टिफनी यांपैकी एक रंगमंचीय कार्यक्रम आणि उरलेल्या वेळापुढे ‘मोकळा वेळ, खरेदी’ असे दोन शब्द. या दोन शब्दांचे नेमके काय करायचे हे कोणी सांगत नाही. मग शेवटच्या संध्याकाळी सगळे मॉलकडे धावतात, थकलेल्या पायांनी तासभर फिरतात, दिसेल ते घेतात आणि तीच वस्तू पुण्यात किंवा ठाण्यात याच भावाला मिळते हे घरी आल्यावर त्यांच्या लक्षात येते.

मी उलटा क्रम सुचवतो. पटायात पोहोचल्यावर शक्यतो पहिल्याच दुपारी किंवा संध्याकाळी मॉलमध्ये जावे, ते खरेदीसाठी नव्हे तर गावाचा अंदाज घेण्यासाठी. स्वच्छ आणि फुकट स्वच्छतागृह, थंड हवा, भाव लिहिलेले जेवण, फोनचे सिमकार्ड, औषधाचे दुकान आणि चुकामूक झाली तर भेटण्याची ठरलेली जागा या सगळ्या गोष्टी तिथे एका छपराखाली मिळतात. पटाया हे लहान मुले आणि वृद्ध आईवडील यांना घेऊन रात्री रस्त्यावर रमतगमत फिरण्याजोगे गाव सगळीकडे नाही. अशा कुटुंबांना मॉलचा उपयोग इतरांपेक्षा अधिक होतो.

या लेखासाठी मी टर्मिनल २१ निवडला आहे. या नावाचा पहिला मॉल २०११ मध्ये बँकॉकच्या असोक चौकात उघडला, दुसरा नाखोन राचासिमा म्हणजे कोरात येथे २०१६ मध्ये आला आणि पटायातला ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाला. गावातल्या मोठ्या मॉलमध्ये तो नवा असल्याने जुन्या प्रवासवर्णनांत आणि पूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या सांगण्यात त्याचा पत्ता सापडत नाही.

पहिली पायरी : कोणत्या मॉलला जायचे ते आधी ठरवावे

पटायात मॉल एकच नाही आणि गाडीवाल्याला नुसते ‘मॉल’ सांगून भागत नाही. सेंट्रल पटाया हा २००९ मध्ये उघडलेला मॉल समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावरच आहे. त्याच्या डोक्यावर हिल्टन हॉटेल आहे, एक तोंड समुद्राकडे आणि दुसरे मागच्या रस्त्याकडे उघडते. मोठ्या नाममुद्रांची दुकाने हवी असतील आणि जेवण झाल्यावर समोरच्या वाळूवर बसायचे असेल तर तो बरा. भर दुपारी मागच्या रस्त्यावरून किनाऱ्याकडे जाण्याची वातानुकूलित वाट म्हणूनही लोक त्याचा सर्रास वापर करतात, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. सेंट्रल मरीना हा त्या मानाने लहान आणि घरगुती वळणाचा आहे. माइक शॉपिंग मॉल जुना असून तिथे घासाघीस चालते. ज्यांना घासाघिशीशिवाय खरेदी गोड लागत नाही त्यांनी तिथे जावे.

टर्मिनल २१ गावाच्या उत्तर टोकाला, डॉल्फिनचा पुतळा असलेल्या चौकाजवळ आहे. मुले बरोबर असतील, पोटभर पण स्वस्तात जेवायचे असेल आणि पुढे टिफनीचा कार्यक्रम पाहायचा असेल, तर मी याच मॉलचे नाव घेईन, कारण टिफनीचे नाट्यगृह तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. दक्षिणेला जोमतियन किनाऱ्यावर उतरलेल्यांना मात्र हा मॉल लांब पडतो. त्यांनी केवळ पाहण्यासाठी एवढी पायपीट करावी असे मला वाटत नाही.

दुसरी पायरी : तिथे पोहोचणे

पटायाच्या रस्त्यांची एक गोष्ट समजली की निम्मा गोंधळ संपतो. किनाऱ्याचा रस्ता, म्हणजे बीच रोड, एकदिशा असून वाहने उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात. त्याला समांतर असलेला सेकंड रोडही एकदिशा आहे, पण तिथली वाहने दक्षिणेकडून उत्तरेकडे येतात. या दोन रस्त्यांवरून निळसर रंगाच्या उघड्या टेम्पोसारख्या गाड्या दिवसभर गोल फिरत असतात. मागे दोन समोरासमोर बाके असलेल्या या गाड्यांना थाई लोक सोंगथॅव म्हणतात आणि परदेशी पर्यटक ‘बाट बस’ म्हणतात. आपल्याकडच्या गावोगावच्या वडापची सवय असणाऱ्याला ती लगेच जमते.

मध्य किंवा दक्षिण पटायातल्या हॉटेलातून टर्मिनल २१ ला जायचे असेल तर सेकंड रोडवर यावे, चालत्या सोंगथॅवला हात करावा आणि काही न बोलता मागे चढून बसावे. ‘काही न बोलता’ हा या वाक्याचा महत्त्वाचा भाग आहे. चालकाला आधी ठिकाण सांगून भाव विचारला की ती गाडी सामायिक राहत नाही, ती आपण भाड्याने घेतलेली टॅक्सी ठरते आणि आकडा शेकड्यांत जातो. रस्त्याच्या कडेला रिकाम्या उभ्या असलेल्या गाडीतही त्याच कारणाने बसू नये. मॉल दिसू लागला की छताला किंवा दांडीला असलेले घंटीचे बटण दाबावे, गाडी थांबल्यावर उतरून पुढे चालकाच्या खिडकीशी जावे आणि पैसे द्यावेत. बाट हे थाई चलन; या फेरीचे माणशी भाडे वर्षानुवर्षे १० बाटच्या आसपास राहिले आहे, म्हणून जवळ १० बाटची नाणी आणि २० च्या नोटा ठेवाव्यात. १,००० बाटची नोट पुढे केली तर चालकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो आणि मागे बसलेल्या सगळ्यांचा खोळंबा होतो.

परत येताना सेकंड रोडवर उभे राहून उपयोग नाही, कारण तिथल्या गाड्या हॉटेलापासून उलट दिशेला जातात. डॉल्फिन चौक ओलांडून बीच रोडच्या सुरुवातीला यावे आणि दक्षिणेकडे जाणारी गाडी पकडावी. जोमतियनला जाणाऱ्यांना दक्षिण पटायात गाडी बदलावी लागते. हे सगळे नको असेल, किंवा बरोबर वृद्ध माणसे आणि पिशव्या असतील, तर ग्रॅब किंवा बोल्ट या ॲपवरून गाडी मागवावी. भाडे आधी दिसते आणि बोलाचालीचा प्रश्न उरत नाही.

बँकॉकहून स्वतःच्या हिमतीने येणाऱ्यांसाठी हा मॉल सोयीचा आहे. एकमाई आणि मोचित या स्थानकांवरून येणाऱ्या बसगाड्या उत्तर पटायाच्या बसस्थानकात थांबतात. ते स्थानक ज्या नॉर्थ पटाया रस्त्यावर आहे तोच रस्ता सरळ डॉल्फिन चौकाकडे येतो. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे तिथल्या जोरदार पावसाचे महिने आहेत. मोठी सर आली की पटायाच्या सखल रस्त्यांवर पाणी साचते, आणि अशा वेळी बाहेर पडण्याची घाई न करता मॉलमध्येच तासभर काढणे शहाणपणाचे असते.

तिसरी पायरी : आत शिरल्यावर दिशा समजून घेणे

टर्मिनल २१ ची सगळी रचना विमानतळाच्या कल्पनेवर बेतलेली आहे. बाहेर खऱ्या विमानाच्या आकाराचे विमान उभे केलेले आहे आणि त्याच्यासमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. आतले विभाग वेगवेगळ्या ठिकाणांच्या नावांनी ओळखले जातात : पॅरिस, लंडन, इटली, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को आणि हॉलिवूड. प्रत्येक विभागाची सजावट त्या त्या ठिकाणाची, आणि सरकत्या जिन्यांवरच्या पाट्या विमानतळावरच्या आगमन-निर्गमनाच्या पाट्यांसारख्या. पहिल्या भेटीत मुलांना याचे फार अप्रूप वाटते. मोठ्यांना ही सजावट थोडी भडक वाटण्याचा संभव आहे, आणि ते मत मी खोडून काढणार नाही.

या सजावटीचा एक व्यावहारिक फायदा मात्र निश्चित आहे. ‘दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या तिसऱ्या दुकानाशी भेटू’ असे सांगितले की गोंधळ होतो. तळमजला, ‘जी’, ‘एम’ आणि पहिला मजला यांची मोजणी थायलंडमधल्या प्रत्येक इमारतीत निराळी असते, आणि आपला ‘पहिला’ तो त्यांचा ‘पहिला’ असेलच असे नाही. ‘टोकियोत भेटू’ हे मात्र आजीलाही समजते आणि सात वर्षांच्या नातवालाही. आत शिरताच सगळ्यांनी मिळून भेटण्याची एक जागा ठरवावी, तिचे छायाचित्र प्रत्येकाच्या फोनमध्ये घ्यावे आणि ‘तासाने इथे’ असे सांगून मगच पांगावे. आयफेल टॉवरच्या प्रतिकृतीपाशी सर्वांनीच भेटायचे ठरवलेले असते, त्यामुळे ती जागा टाळलेली बरी.

उंच, सरळसोट सरकते जिने ही या साखळीतल्या मॉलची ओळख आहे. ज्यांना उंचीची भीती वाटते किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी त्यांच्या वाटेला न जाता लिफ्ट शोधावी. साडी किंवा लांब ओढणी असणाऱ्यांनी जिन्यावर पदर हातात धरावा. आत गारवा चांगलाच असतो. समुद्रावरून घामाघूम होऊन थेट आत आल्यास अर्ध्या तासात अंग शहारते, म्हणून लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी एखादी शाल किंवा जाकीट पिशवीत असू द्यावे. ओल्या कपड्यांनी आणि वाळूच्या पायांनी आत येणे शिष्टसंमत नाही.

स्वच्छतागृहांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण प्रवासात बायकांची सगळ्यात मोठी अडचण तीच असते आणि सहलपत्रिकांत तिचा उल्लेखही नसतो. मॉलमधली स्वच्छतागृहे विनामूल्य असतात. थायलंडमध्ये बहुतेक ठिकाणी कमोडशेजारी पाण्याचा फवारा असतो, त्यामुळे युरोपातल्या सहलीत होते तशी कुचंबणा इथे होत नाही. टर्मिनल २१ मध्ये तीही विभागानुसार सजवलेली आहेत. को लानहून परतल्यावर कार्यक्रमापूर्वी हातपाय धुऊन ताजेतवाने व्हायचे असेल, तर गावात यापेक्षा सोयीची जागा नाही.

चौथी पायरी : पैसे

एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये असे धरून चालावे आणि मनातल्या मनात नेहमी तिनाने गुणावे, म्हणजे खर्चाचा अंदाज चुकला तरी आपल्या बाजूने चुकतो. रुपयाच्या नोटा बदलून देणारी काही दुकाने पटायात आहेत, परंतु भाव कमी मिळतो. डॉलरच्या, त्यातही १०० च्या कोऱ्या नोटांना अधिक चांगला भाव मिळतो. विमानतळावर फक्त प्रवासापुरते पैसे बदलावेत आणि बाकीचे गावातल्या दुकानांत. पैसे बदलताना पासपोर्ट मागतात.

एटीएममधून पैसे काढल्यास थाई बँक प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क लावते आणि आपली बँक वेगळे लावते, म्हणून १,००० बाट काढण्यासाठी यंत्रापाशी जाणे म्हणजे चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला. यंत्राने किंवा दुकानदाराने ‘रुपयांत आकारू की बाटमध्ये’ असे विचारल्यास नेहमी बाट निवडावे. रुपये निवडले की रूपांतराचा दर समोरच्याच्या मर्जीचा लागतो. एकच जपणूक : थाई नोटांवर राजाचे चित्र असते, त्यामुळे नोट खाली पडली तर ती उडू नये म्हणून तिच्यावर पाय देऊ नये. आपल्याला ही साधी गोष्ट वाटते, पण तिथे राजाविषयीचा अनादर हा कायद्याने गंभीर गुन्हा आहे.

पाचवी पायरी : जेवण

माझ्या मते हा मॉल पाहण्याचे खरे कारण जेवण हेच आहे. ‘पिअर २१’ नावाचे त्याचे उपाहारगृह म्हणजे अनेक गाड्यांसारखी लहान दुकाने आणि मध्ये सामायिक टेबले. भाव रस्त्यावरच्या दुकानांच्या जवळपासचेच असतात, आणि मॉलमध्ये असूनही ते तसे राखलेले आहेत हे या साखळीचे वैशिष्ट्य आहे. गिऱ्हाइकाला जेवायला खेचून आणायचे आणि नफा वरच्या दुकानांतून कमवायचा, असा सरळ हिशेब त्यामागे दिसतो. आपण त्या हिशेबाचा पहिला भाग स्वीकारावा.

पद्धत अशी आहे. आधी रोखपालाच्या खिडकीपाशी जाऊन रोख रक्कम द्यावी, तेवढ्या रकमेचे कार्ड मिळते. मग हव्या त्या दुकानापाशी जाऊन चित्राकडे बोट दाखवून पदार्थ सांगावा आणि कार्ड द्यावे. जेवण झाल्यावर उरलेली रक्कम त्याच खिडकीवर परत मिळते. ही परतफेड शक्यतो त्याच दिवशी करून घ्यावी. खिशात कार्ड तसेच घेऊन भारतात परतणारे कमी नाहीत. चौघांच्या कुटुंबाने एकच कार्ड घेतले तर चारदा रांग लावावी लागत नाही, पण मुलांना स्वतंत्र कार्ड दिले तर त्यांना स्वतःची निवड करण्याचा आनंद मिळतो. दोन्हींपैकी काय हवे ते घरच्यांनी ठरवावे. बसायची जागा आधी धरावी, एकाला तिथे बसवावे आणि मगच इतरांनी ताटे आणायला जावे.

शाकाहारी मंडळींना इथे थोडे सावध राहावे लागते. थाई स्वयंपाकात ‘नाम प्ला’ म्हणजे माशांपासून केलेले खारट पाणी मिठासारखे वापरतात. कोळंबीची चटणी, सुकी कोळंबी आणि कालवांचा सॉस हेही भाज्यांमध्ये सहज पडतात. त्यामुळे ‘नो मीट’ म्हटल्यावर येणारी हिरवी भाजी शाकाहारी असतेच असे नाही, आणि देणाऱ्याने फसवलेलेही नसते. त्याच्या दृष्टीने मासे हे मांसात मोडत नाहीत. त्यासाठी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. ‘जे’ पद्धतीच्या अन्नात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसणासारखे उग्र पदार्थही नसतात, म्हणजे जैन मंडळींनाही बऱ्याच अंशी चालणारी ही पद्धत आहे; बटाटा आणि इतर कंद मात्र त्यात असू शकतात. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत लिहिलेला फलक ही तिची खूण. पुरुषांनी ‘फोम किन जे’ आणि स्त्रियांनी ‘चान किन जे’ म्हणावे, म्हणजे ‘मी जे खातो’ किंवा ‘खाते’. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे माशाचे पाणी घालू नका आणि ‘माय साय खाय’ म्हणजे अंडे घालू नका. उच्चार हेलांवर अवलंबून असल्याने आपले बोलणे समजेलच याची खात्री नसते, म्हणून हॉटेलातल्या कोणाकडून ही वाक्ये थाईत लिहून घेऊन फोनमध्ये ठेवावीत आणि दुकानदाराला ती दाखवावीत.

ओघात एक गोष्ट सांगतो. थायलंडमधल्या चिनी वंशाच्या लोकांत दरवर्षी नऊ दिवसांचा ‘किन जे’ उत्सव असतो आणि तो चांद्र महिन्याच्या प्रतिपदेपासून नवमीपर्यंत चालतो. आपल्या शारदीय नवरात्राशी तो अनेक वर्षी दिवसागणिक जुळतो, आणि अधिक मासाच्या फरकाने कधी महिनाभर पुढे जातो. ज्यांना शाकाहारी थाई जेवण खरोखर चाखायचे आहे त्यांनी त्या दिवसांत सहल आखावी, कारण तेव्हा पिवळे झेंडे जागोजागी दिसतात आणि एरवी मांसाहारी असणारी दुकानेही वेगळी कढई मांडतात.

काही नावे हाताशी असावीत. ‘खाओ निआव मामुआंग’ म्हणजे नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा. तो शाकाहारी माणसाला निर्धास्तपणे खाता येतो आणि एप्रिल ते जून या हंगामात उत्तम असतो, जरी आपला हापूस खाणारा माणूस आंब्याविषयी काहीतरी बोलल्याशिवाय राहणार नाही. ‘सोम ताम’ ही कच्च्या पपईची कोशिंबीर दिसायला निरुपद्रवी असते, पण तिच्यात सुकी कोळंबी आणि नाम प्ला दोन्ही असतात. ‘ताओ हू’ म्हणजे टोफू. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला मात्र इथे काही शिकवण्याची गरज नाही. नारळ, कोळंबी, मिरची आणि आंबट रस यांची त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळख आहे, फक्त गोडाचे प्रमाण त्याला जास्त वाटेल. तिखट नको असल्यास ‘माय फेत’ म्हणावे. थाई मंडळी काटा-चमच्याने जेवतात, चमचा उजव्या हातात असतो. भाताचे घास हाताने घेतल्यास कोणी हाकलत नाही, पण हात धुण्याची जागा टेबलाजवळ असेलच असे नाही.

हिरव्या पानाचे चित्र असलेली बिस्किटे, मिठाई किंवा पेये गावात कुठेही दिसली तर ती मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. त्यात गांजाचा अंश असू शकतो. थायलंडने २०२२ मध्ये त्यावरचे निर्बंध सैल केले आणि २०२५ मध्ये पुन्हा आवळले. भारतात असा पदार्थ आणणे हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे.

सहावी पायरी : खरेदी कशाची करावी आणि कशाची नाही

पहिल्या फेरीत काही घेऊ नये, फक्त भाव पाहावेत आणि फोनमध्ये टिपून ठेवावेत. याचा उपयोग मॉलपेक्षा मॉलबाहेर होतो. रात्रीच्या बाजारात कोणी ३०० बाट सांगितलेली कापडी पिशवी मॉलमध्ये छापील भावाने किती आहे हे माहीत असले की घासाघिशीला पाया मिळतो. सहलीत नेल्या जाणाऱ्या रत्नांच्या आणि चामड्याच्या दुकानांतही हीच सावधगिरी कामी येते, कारण तिथे आपल्याला विचार करायला वेळ मिळू नये अशीच व्यवस्था असते.

आंतरराष्ट्रीय नाममुद्रांचे कपडे, बूट आणि घड्याळे घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. यातली बहुतेक दुकाने आता मुंबई-पुण्यात आहेत आणि भावातला फरक किरकोळ असतो. इलेक्ट्रॉनिक वस्तू घेण्यापूर्वी त्यांची हमी भारतात चालते का हे विचारावे. थाई बनावटीच्या वस्तूंकडे मात्र जरूर पाहावे : कापडी पिशव्या, रेशमी रुमाल, सुकवलेला आंबा, चिंचेच्या गोळ्या, नारळाचे काप, डोके दुखल्यावर लावायचे बाम आणि हुंगायच्या छोट्या कुप्या. खाण्याच्या पाकिटावर मागची घटकसूची फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करून वाचावी, कारण चिप्सच्या निष्पाप पाकिटातही कोळंबीची पूड असते.

छोट्या दुकानांतल्या कपड्यांवर ‘फ्री साइज’ असे लिहिलेले असते, पण ती मापे थाई अंगलटीची, म्हणजे आपल्या मानाने लहान असतात. अनेक ठिकाणी अंगावर घालून पाहू देत नाहीत आणि विकलेला माल परत घेत नाहीत. मोजपट्टी किंवा आपला नीट बसणारा एखादा सदरा बरोबर नेणे हा त्यावर उपाय आहे. मोठ्या दुकानांत भाव ठरलेले असतात आणि तिथे घासाघीस केल्यास विक्रेती मुलगी गोंधळून नुसती हसते. लहान गाळ्यांत दोन-तीन वस्तू एकत्र घेताना विचारून पाहायला हरकत नाही. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये परदेशी पर्यटकांसाठी सवलतीचे कार्ड असते का, हे माहिती कक्षात पासपोर्ट दाखवून आधी विचारावे. पैसे देऊन झाल्यावर विचारल्यास उपयोग होत नाही.

बुद्धमूर्ती आणि बुद्धाची मस्तके शोभेच्या वस्तू म्हणून विकत घेऊ नयेत. बुद्धाच्या प्रतिमा देशाबाहेर नेण्यासाठी थायलंडच्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यात घालायच्या लहान ताईतांना तो लागत नाही. ड्युरियन फळाचा मोह झालाच तर ते तिथल्या तिथे खाऊन संपवावे, कारण वासामुळे हॉटेलांत ते आणू देत नाहीत आणि आणल्यास दंड घेतात. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, रस्त्यावर उघड विकली जात असली तरी.

मॉल आणि मोठ्या इमारतींच्या आवारात लहानशी देवळे दिसतात. त्यांत चतुर्मुख ब्रह्मा असतो, कधी गणपतीही असतो. बँकॉकच्या सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर तर त्रिमूर्ती आणि गणेश शेजारी शेजारी आहेत आणि थाई तरुण मंडळी तिथे मनोभावे उदबत्त्या लावतात. मराठी माणसाचे पाय तिथे थबकणारच. नमस्कार जरूर करावा, छायाचित्रही घ्यावे, मात्र ओट्यावर बसून पाणी पिणे किंवा मुलांना त्यावर चढू देणे टाळावे. चित्रपटगृहात गेल्यास चित्रपटापूर्वी राजगीत लागते, तेव्हा सगळ्यांबरोबर उभे राहावे.

सातवी पायरी : कराची परतफेड

थायलंडमध्ये वस्तूंच्या किमतीत ७ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो आणि पर्यटकाला तो काही अंशी परत मिळू शकतो. त्यासाठी एकाच दिवशी, एकाच दुकानातून किमान २,००० बाटची खरेदी व्हावी लागते, दुकानावर पर्यटकांसाठी कर परताव्याची पाटी असावी लागते आणि खरेदीच्या दिवशीच पासपोर्ट दाखवून दुकानातून पिवळा अर्ज भरून घ्यावा लागतो. पासपोर्टची झेरॉक्स चालेल असे गृहीत धरू नये. खरेदीच्या दिवसापासून ६० दिवसांच्या आत माल देशाबाहेर न्यायचा असतो.

हा खटाटोप करण्यापूर्वी हिशेब करावा. २,००० बाटच्या बिलात कर असतो जेमतेम १३१ बाट, तोही पूर्ण मिळत नाही आणि रोख परतफेडीवर सुमारे १०० बाट शुल्क कापले जाते. म्हणजे एवढ्याशा खरेदीसाठी विमानतळावर रांग लावणे निरर्थक आहे. एकाच दुकानातून दहा-पंधरा हजार बाटची खरेदी असेल, किंवा कुटुंबातल्या सगळ्यांची बिले एकाच पासपोर्टवर एकत्र करता येत असतील, तरच त्यात लक्ष घालावे.

परताव्याची रक्कम मोठी असल्यास विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे. ठरावीक मर्यादेवरच्या मालाची सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून तपासणी आणि अर्जावर शिक्का हे काम बॅग चेक-इन करण्यापूर्वी करून घ्यायचे असते. बॅग पट्ट्यावर गेल्यावर माल दाखवता येत नाही आणि शिक्का मिळत नाही. पैसे मात्र पासपोर्ट नियंत्रण ओलांडल्यानंतरच्या खिडकीवर मिळतात. भारतात उतरताना शुल्कमुक्त सामानाची मर्यादा लागू होते, म्हणून मोठ्या वस्तूंची बिले हातातल्या पिशवीत ठेवावीत. नाणी कोणी बदलून देत नाही, तेव्हा ती विमानतळावरच्या दुकानात पाण्याच्या बाटलीवर खर्च करावीत.